ताश्कंदमधली पंच्याण्णव मिनिटे

शनिवार, दिनांक २३ मार्च २०१९. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, ताश्कंदच्या उत्तर स्थानकावर, बाल्झान ओमिर्झाकोवा, वय चव्वेचाळीस, राहणार तराझ, व्यवसाय भूगोल शिक्षिका, हिच्या हातातली बॅग तिच्या संमतीवाचून काढून घेण्यात आली. घेणारे तिघेही तिच्या सासरच्या नात्यातले होते, म्हणून या प्रकाराला चोरी म्हणता येत नाही. त्याच संध्याकाळी पाच वाजता सुटणाऱ्या समरकंदच्या गाडीची दोन तिकिटे तिच्या पर्समध्ये होती, एक तिचे आणि एक नवऱ्याचे. तिने ती काढून दाखवली. चहाचा घोट घ्या, वेळेवर आणून सोडतो, असे तिला सांगण्यात आले. तो चहा चार दिवस चालला.

चिरचिकला मावससासू झाउरेशच्या घरी मेंढी कापण्यात आली. दुसऱ्या दिवशी दिराकडे, तिसऱ्या दिवशी त्या दिराच्या व्याह्यांकडे, आणि एका घरी गेलो व दुसऱ्या घरी नाही असे होऊ नये म्हणून चौथ्या दिवशी आणखी तीन घरी. समरकंदचा चौक बाल्झानने पाहिला तो झाउरेशच्या बैठकीतल्या कॅलेंडरावर, मार्च महिन्याच्या पानावर, हातात शोरब्याचा वाडगा धरून. नवरा सागिन्दिक पोटभर जेवला, गाढ झोपला, मावसभावांशी पत्ते खेळला आणि परतीच्या गाडीत म्हणाला की इतकी छान सुट्टी आयुष्यात झाली नव्हती. बाल्झानने खिडकीबाहेर पाहिले. ती तराझपर्यंत खिडकीबाहेरच पाहत होती.

हे सर्व येथे प्रथम नोंदवले आहे, कारण पुढे जे घडले त्याला काही लोक हट्ट म्हणतात. तो हट्ट कोठून आला हे माहीत असल्याखेरीज कोणी निकाल देऊ नये.

बाल्झान तेवीस वर्षे तराझच्या एका शाळेत भूगोल शिकवत होती. दरवर्षी ती फळ्यावर जुना व्यापारी मार्ग काढी आणि समरकंद, बुखारा, खिवा अशी तीन टिंबे देई. मुले विचारत, बाई, तुम्ही पाहिलंय का? तराझपासून समरकंद म्हणजे काही चंद्र नव्हे. जेमतेम एका दिवसाचा प्रवास. तरी तेवीस वर्षे तिला "नाही" असेच उत्तर द्यावे लागले होते. २०१९ नंतर सरहद्दी बंद झाल्या. सरहद्दी उघडल्या तेव्हा सासूचा गुडघा बदलला गेला. गुडघा बरा झाला तेव्हा पुतण्याचे लग्न निघाले. २०२४ च्या जानेवारीत बाल्झानने ठरवले की यंदा वसंताच्या सुट्टीत जायचे, एकटीने जायचे, आणि ताश्कंदमध्ये कोणाच्याही घरचा चहा प्यायचा नाही.

सागिन्दिक पश्चिमेकडच्या तेलक्षेत्रात कामाला होता. अठ्ठावीस दिवस तिकडे, अठ्ठावीस दिवस घरी. मार्चमध्ये तो तिकडेच असणार होता. फोनवर त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "जा की. फक्त आपाला विचार." आपा म्हणजे त्याची आई उल्मेकेन, वय शहात्तर. घरात, शेजारात आणि फोनवर सगळे तिला आपाच म्हणत. सागिन्दिकचे हे वाक्य लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत बाल्झानने इतक्या वेळा ऐकले होते की ते ऐकून घेण्यासाठी आता फोन करण्याचीही गरज नव्हती.

विचारण्याआधी तिने आखणी केली. वर्गातल्या भिंतीवरच्या एका फाटक्या नकाशाची मागची कोरी बाजू तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. दोन्ही देशांच्या रेल्वेची संकेतस्थळे मोबाइलवर उघडली. गाड्यांची यादी, डब्यांची चित्रे, खिडकी कोणत्या बाजूला येते, बुखाऱ्याची गाडी शहरात न थांबता शेजारच्या कागानला थांबते, तिथून गावात जायला काय मिळते, असे एकेक करून तिने कागदावर उतरवले. रेल्वेच्या नादाने वेडावलेल्या लोकांचा एक गट तिला मोबाइलवर सापडला. त्यात एर्गश आका नावाचे एक गृहस्थ होते, बुखाऱ्याचे, निवृत्त डबा-परिचारक. ते रोज सकाळी नव्या लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देत आणि प्रत्येक उत्तरात एक चिमटा काढत. तिकिटे गाडीच्या पंचेचाळीस दिवस आधी खुली होतात आणि सणाच्या दिवसांत न्याहारीपूर्वी संपतात, हे त्यांनीच सांगितले. सहा फेब्रुवारीपासून बाल्झान रोज पाच वाजता उठली आणि काही दिवसांत, शाळेची घंटा होण्याआधी एकेक करून, तिच्याकडे सगळी तिकिटे आली: तराझ ते ताश्कंद, ताश्कंद ते समरकंद, समरकंद ते बुखारा, बुखारा ते खिवा, आणि खिव्याहून परत.

तिचा एक नियम होता. सगळा प्रवास रुळांवरून. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला बस नको, टॅक्सी नको, कोणाच्या भाच्याची मोटार तर नकोच. मोटारीला कोणाच्याही दारात वळता येते. रुळांवरच्या गाडीला वळता येत नाही.

या साऱ्या साखळीतली सर्वांत विचारपूर्वक घडवलेली कडी म्हणजे ताश्कंदमधली पंच्याण्णव मिनिटे. शुक्रवारी, बावीस मार्चला, तराझची गाडी ताश्कंदला पोचणार आणि समरकंदची गाडी पंधरा पंचेचाळीसला दुसऱ्या, म्हणजे दक्षिण स्थानकावरून सुटणार. मध्ये पंच्याण्णव मिनिटे. तासाहून कमी वेळ असता तर गाडी चुकण्याची भीती होती. दोन तासांहून अधिक असता तर झाउरेश मावशीचे मुलगे चिरचिकहून मोटार घेऊन हजर झाले असते. चिरचिक चाळीस मिनिटांवर. जायला चाळीस, यायला चाळीस, उरली पंधरा. पंधरा मिनिटांत मेंढी शिजत नाही. हे गणित बाल्झानने नऊ दिवस पुन्हा पुन्हा तपासले आणि ते निर्दोष आहे अशी तिची खात्री झाली.

मग ती सासूकडे गेली. उल्मेकेन आपा जपमाळ ओढत बसली होती. तिने सगळे ऐकले.

"रोज्याच्या महिन्यात सहल?"

"प्रवाशाला रोजा माफ असतो, आपा."

"प्रवाशाला असतो. पळपुट्याला असतो का, ते मुल्लाला विचारून घेते."

शाळेची सुट्टी कधी द्यायची हे तिच्या हातात नव्हते, आणि जूनमध्ये बुखाऱ्यात अंडे दगडावर शिजते, हे आपालाही ठाऊक होते.

"आणि झाउरेश?" आपाने खरा प्रश्न काढला. "तिच्या अंगणावरून जाणार आणि तोंड दाखवणार नाहीस?"

"मध्ये पंच्याण्णवच मिनिटं आहेत. एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जायचं. कसं जमणार? वेळापत्रकच तसं आहे."

आपाने माळेचे मणी बोटांनी सरकवत मिनिटे मोजली. जमत नव्हते. तिने दोनदा रेल्वेला शिव्या दिल्या आणि विषय सोडला. बाल्झानच्या नवऱ्याला, तिला किंवा झाउरेशला आता कोणी बोल लावणार नव्हते. वेळापत्रकाला नाक नसते, त्यामुळे ते कापलेही जात नाही.

आता त्या वर्षी आमच्याकडे काय झाले ते सांगणे भाग आहे. एक मार्चपासून साऱ्या देशाचे घड्याळ एक करण्यात आले. तराझचे काटे तासभर मागे आले. संध्याकाळ तासभर आधी पडू लागली, गायी जुन्याच वेळी हंबरू लागल्या, आणि लोक भाजीच्या रांगेत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत आपला हरवलेला तास परत मागू लागले. बाल्झानने त्या दिवशी आठवीच्या वर्गात फळ्यावर रेखावृत्ते काढून हा बदल नीट समजावून सांगितला. त्यावर निबंध लिहून घेतला. एका मुलीने पूर्वेऐवजी पश्चिम लिहिले म्हणून तिचे गुण कापले.

आणि तरीही तिने ती चूक केली. तराझच्या प्रत्येक माणसाला लहानपणापासून एक गोष्ट श्वासासारखी ठाऊक असते: ताश्कंदला जाताना एक तास मिळतो. आपले घड्याळ पुढे, त्यांचे मागे. दुकानदाराने चिल्लर परत द्यावी तसा सीमेवर एक तास परत मिळतो, हे आजी सांगते, बाप सांगतो, टॅक्सीवाला सांगतो. तिकिटावर आपल्या घड्याळाने पंधरा दहा लिहिले असले की हात आपोआप एक वजा करतो आणि चौदा दहा मांडतो. सहा फेब्रुवारीला बाल्झानने तेच केले. नवा नियम तोवर जाहीर झालेला होता. तिला तो माहीत होता. पण तिचे ज्ञान फळ्यावर राहिले आणि हात सवयीने चालत राहिला.

हे तिच्या ध्यानात आले शनिवारी, सोळा मार्चला, रोजा सोडण्याच्या वेळी. उल्मेकेन आणि झाउरेश या दोघी बहिणी रोज्याच्या महिन्यात दर संध्याकाळी फोनवर एकत्र उपवास सोडत. आपाला कमी ऐकू येई, म्हणून फोनचा आवाज सगळ्या घराला ऐकू जाईल इतका मोठा असे. दरवर्षीचा त्यांचा एकच विनोद होता. ताश्कंदकडे साडेसहा आणि तराझला साडेसात, तेव्हा आपा, तुम्ही माझ्याहून नऊ वर्षांनी आणि एका तासाने म्हाताऱ्या. बाल्झान पातेल्यातून शोरबा वाढत होती.

"सहा तेवीस झाले," आपा म्हणाली. "मी खजूर तोंडात टाकते."

"टाका, आपा. आमचे सहा बत्तीसला. यंदा तुमचं आमचं घड्याळ एकच झालं."

"एक कसलं? माझा तास लुटला म्हण."

बाल्झानची पळी पातेल्यावर तशीच राहिली. शोरबा काठावरून सांडला आणि आपाने फोन न ठेवता नुसत्या भुवईने तिला तो दाखवला. बाल्झानने फडके घेतले, पुसले, वाढले, आणि मग उठून आतल्या खोलीत जाऊन नकाशाची मागची बाजू उघडली. गाडी ताश्कंदला पंधरा दहालाच पोचणार होती. वजा करण्यासारखे काही राहिलेच नव्हते. समरकंदची गाडी पंधरा पंचेचाळीसला. दोन स्थानकांमध्ये टॅक्सीने पंचवीस मिनिटे. वर सीमेवरची तपासणी लांबली तर गाडी उशिरा येणार, आणि ती लांबते हे सर्वांना माहीत आहे. पंच्याण्णवाची पस्तीस झाली होती.

तिने त्या चुकलेल्या आकड्याकडे बराच वेळ पाहिले. आठवीच्या मुलीचे कापलेले गुण तिला आठवले. मग तिने दुसरा कागद घेतला.

रविवारी सकाळी तिने गटात सगळे जसेच्या तसे लिहिले, स्वतःची चूक न लपवता. एर्गश आकांचे उत्तर लगेच आले.

"बाई, तुम्ही भूगोल शिकवता की इतिहास? तो तास फेब्रुवारीतच वारला."

त्याखाली त्यांनी बावीस ते पंचवीस मार्चपर्यंतच्या समरकंदच्या साऱ्या गाड्यांची स्थिती दिली. नौरिझ या नववर्षाच्या सणामुळे सगळ्या भरलेल्या होत्या. सव्वीसला एक जागा होती, पण सव्वीसला निघाले तर बुखाऱ्याचे तिकीट वाया, बुखाऱ्याचे गेले तर खिव्याचे, आणि मधले चार दिवस ताश्कंदमध्ये. ताश्कंदमध्ये चार दिवस म्हणजे काय हे बाल्झानला कोणी समजावण्याची गरज नव्हती.

"एकच तोड आहे," त्यांनी लिहिले. "सीमा पायी ओलांडा. इंजिनाला तिथे दोन तास लागतात, माणसाला चाळीस मिनिटं. गुरुवारी गाडीनं शिमकेंतला या, मुक्काम करा, शुक्रवारी उजाडताना टॅक्सीनं सीमेवर. अकरा वाजता दक्षिण स्थानकावर बसलेल्या असाल."

तिने लिहिले की तिचा सगळा प्रवास रुळांवरून करण्याचा नियम आहे.

"एकतीस वर्षं मी डबे सांभाळले," उत्तर आले. "असे नियमवाले लोक मी फलाटावर पुष्कळ पाहिलेत. गाडी गेल्यावर."

ही तोड योग्य होती, हे बाल्झानला वाचतावाचताच कळले, आणि त्या तोडीतल्या दोन अडचणीही कळल्या. पहिली अशी की गुरुवार म्हणजे एकवीस मार्च, प्रत्यक्ष नौरिझ. त्या दिवशी घराचे दार उघडे असते, मोठ्या पातेल्यात कोझे, म्हणजे सणाची धान्याची पेज, शिजते, गल्लीतली माणसे वाडगा घेऊन येत-जात राहतात, रोजा असला तर तो संध्याकाळसाठी भरून नेतात, आणि वाढायला घरची सून उभी असते. या घरात सून एकच होती. दुसरी अडचण मोठी. अकरा वाजता ताश्कंदमध्ये पोचायचे आणि पावणेचारला निघायचे, म्हणजे मध्ये पावणेपाच तास. तिने नऊ दिवस खपून उभारलेली भिंत आता राहिली नव्हती. पावणेपाच तासांत झाउरेशकडे जाऊन येता येत होते. म्हणजे जाता येत होते; येता येत नव्हते, याचा पुरावा वर दिलाच आहे.

खोटे बोलणे शक्य होते. गाडीच तशी आहे, असे पुन्हा सांगता आले असते. दोन दिवस तिने तो विचार करून पाहिला. पण एकदा तिने वेळापत्रकाच्या आड लपून पाहिले होते, आणि तेच वेळापत्रक तिच्यावर उलटले होते. मंगळवारी दुपारी शाळेतून आल्यावर अंगावरचा कोटही न काढता ती आपासमोर बसली आणि सगळे सांगितले: चूक, तोड, गुरुवारची निघण्याची वेळ, ताश्कंदमधले पावणेपाच तास. आणि शेवटी, की ती झाउरेश मावशीकडे जाणार नाही. ती स्थानकावरच बसून राहील.

आपाने माळ बाजूला ठेवली. हे चिन्ह चांगले नव्हते.

"पावणेपाच तास," ती म्हणाली. "पावणेपाच तासांत मेंढी कापून, उकडून, खाऊन हाडंसुद्धा चोखून होतात."

"म्हणूनच जाणार नाही, आपा."

"माझ्या सख्ख्या बहिणीच्या गावात माझी सून भिकारणीसारखी बाकड्यावर बसणार?"

"तिकीट असलेली माणसं बसतात ना बाकड्यावर. भिकारी नसतात ती."

"झाउरेशचं मीठ चाखल्याशिवाय पुढे गेलीस तर माझी बाता नाही. लक्षात ठेव."

बाता म्हणजे निघणाऱ्यासाठी वडीलधाऱ्यांनी तळहात उघडून मागितलेली दुआ. ती न घेता आमच्याकडे कोणी शेजारच्या गावालाही जात नाही. बाल्झानची आई आजारी होती तेव्हा मध्यरात्री निघतानाही ती सासूला उठवून बाता घेऊन गेली होती. ती उभी राहिली. तिचा आवाज वर्गात सूचना देताना असतो तसा झाला होता, सपाट आणि थोडा सावकाश.

"मग बाता न घेता जाईन. परत आल्यावर तुम्हाला जे बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. पण जाईन, आपा. पंचवीस वर्षं होत आली. आता नाही थांबत."

आपाने तिच्याकडे पाहिले नाही. तिने फोन उचलला आणि बहिणीला लावला, पंचायत बोलवावी तसा. आवाज नेहमीसारखा मोठा होता. आरोप वाचण्यात आला: सून एकटी निघाली आहे, ताश्कंदमध्ये पावणेपाच तास आहे, आणि तुझ्या घरी पाय ठेवायला तयार नाही. आता तूच सांग.



"किती जण येणार आहेत?" झाउरेशने पलीकडून विचारले.

"किती कुठले? एकटीच. आणि येणारच नाही म्हणते, तेच तर सांगते आहे."

"आपा, रागावू नका," झाउरेश म्हणाली. "पण मला बरं वाटलं."

आपाने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिले.

"मागच्या वेळी तीन आठवडे माझी पाठ धरली होती. एक्केचाळीस माणसं जेवली चार दिवसांत. आता गुडघ्यात पाणी झालंय, आणि सून कोरियाला कामाला गेलीय. करणार कोण? पाहुणी येणार म्हटल्यावर व्याह्यांना सांगावं लागतं, व्याह्यांना सांगितलं की जावांना. मी काल रात्री देवाकडे मागत होते की बाल्झानची गाडी वेळेवर येऊ दे, म्हणजे मला कोणी बोलायला नको."

"मग तेव्हा पोरांना स्टेशनवर कशाला पाठवलंस?"

"तुम्हीच फोन केला होतात ना, आपा. गाडीचा नंबर, डब्याचा नंबर, सगळं तुम्हीच दिलंत. म्हणालात, माझी सून तुझ्या दारावरून कोरडी गेली असं कोणी म्हणायला नको, उतरवून घे. उतरवून घेतली."

पाच वर्षे बाल्झानने त्या तिघांना आणि झाउरेशला मनातल्या मनात फैलावर घेतले होते. डब्याचा नंबर त्यांना कोणी दिला, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. भूगोल शिकवणाऱ्या बाईने उगम न शोधता नुसत्या प्रवाहाला दोष दिला होता. तिने आपाकडे पाहिले. आपा फोनचा आवाज लहान करण्याचे बटण शोधत होती आणि तिला ते सापडत नव्हते.

फोन बंद झाला. आपाने समोरचा स्वच्छ ट्रे फडक्याने पुसला, मग पुन्हा पुसला. माफी मागण्याची आमच्याकडच्या सासवांना सवय नाही आणि बाल्झानला तशी अपेक्षाही नव्हती.

"गुरुवारी किती वाजता निघणार?" आपाने विचारले.

"तीनची गाडी आहे. दोनला घरातून."

"मग कोझे बुधवारीच लावून ठेव. मोठ्या पातेल्यात. दोननंतर वाढायला मी बसेन. बसून वाढलं म्हणून कोणी वाडगा परत नेत नाही."

गुरुवारी दोनला आपाने तळहात उघडले. बाता नेहमीपेक्षा निम्मी होती. घोड्यांची, संततीची आणि भरल्या घराची ओळ तिने गाळली, फक्त वाट मोकळी असो, एवढे म्हणाली. बाल्झानला तेवढीच हवी होती.

शिमकेंतला बाल्झानच्या भावाचे व्याही राहतात. तिने त्यांना कळवले नाही आणि त्याबद्दल तिला आजही काही वाटत नाही. स्थानकासमोरच्या साध्या हॉटेलात ती आठ तास झोपली. शुक्रवारी उजाडताना टॅक्सी, साडेआठला सीमा. मोठ्या चौकडीच्या पिशव्या घेतलेल्या बायकांच्या मागे उभी राहून ती पायी पलीकडे गेली. घड्याळ तिने तपासले. आठवीच्या वर्गात शिकवल्याप्रमाणे ते काही बदलले नाही. अकरा वाजून वीस मिनिटांनी ती दक्षिण स्थानकावर होती.

साडेबाराला झाउरेश आली, बहिणीकडून वेळ विचारून घेऊन, एकटी, मेट्रोने, काठी टेकत. हातात चहाचा थर्मास आणि फडक्यात बांधलेले बौर्साक, कणकेचे तळलेले गोळे. ती बाकड्यावर बसली आणि दुखरा पाय पुढे पसरला. तिचा रोजा होता, बाल्झानचा नव्हता.

"खा," ती म्हणाली. "मी बघते. उपवासात दुसऱ्याला खाताना बघितलं तर दुप्पट पुण्य लागत असेल."

"मग मी सावकाश खाते, मावशी. तुमचं पुण्य वाढेल."

त्या दोघी तीन तास त्या बाकड्यावर बसल्या होत्या. झाउरेशने कोरियाला गेलेल्या सुनेबद्दल सांगितले, तिने रात्रीच्या पाळीतून पाठवलेले आवाजी निरोप ऐकवले, आणि मुलगा त्या पोरीला परत बोलावतो आहे, पण त्याने बोलावू नये असे आपल्याला वाटते, हे हळू आवाजात सांगितले. घरात हे बोलता येत नाही, म्हणाली. बाल्झानने आपली आखणी दाखवली, ती चूकही दाखवली, आणि झाउरेश इतकी हसली की शेजारच्या बाकड्यावरचा माणूस उठून दुसरीकडे गेला. २०१९ साली चार दिवस एका छपराखाली राहून दोघींत दहा वाक्येही झाली नव्हती. झाउरेश चारही दिवस चुलीपाशी होती आणि बाल्झान चारही दिवस जेवणाच्या दस्तरखानापाशी.

साडेतीनला बाल्झान उठली. झाउरेश थांब म्हणाली नाही. डब्याच्या दारापर्यंत आली, परिचारिकेला म्हणाली की ही माझी सून आहे, हिला खिडकी मिळाली आहे ना बघा, आणि काठी टेकत मेट्रोकडे वळली. गाडी पंधरा पंचेचाळीसला सुटली.

समरकंद, बुखारा आणि खिवा ही तिन्ही शहरे बाल्झानने ठरल्याप्रमाणे पाहिली. त्यांचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. ती जागच्या जागी आहेत. एक एप्रिलला आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारले तेव्हा तिने "हो" म्हटले आणि पुढचा धडा घेतला. उल्मेकेन आपा शेजारणींना अजून सांगते की सून सख्ख्या बहिणीच्या गावातून विजेचे मीटर वाचणाऱ्यासारखी निघून गेली. बाल्झान ते ऐकते आणि त्यांना चहा देते. झाउरेशला ती दर रविवारी स्वतः फोन करते.

वाचकहो, मागणी एकच आहे आणि ती तुमच्यापैकी प्रत्येकाकडे आहे. तुमच्या गावातून एखादा नातेवाईक पुढे जाणार असेल, तर त्याला घरी ओढून नेऊ नका. त्याची वेळ विचारा. स्थानकावर या, त्याच्याजवळ बसा, आणि गाडी लागली की त्याला उठू द्या.